खरखर पाहिजे, पण खराब नको

माझ्या दुकानात गिऱ्हाइकासमोर आधी वस्तू येत नाही, वही येते. वहीच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी कपाटाची किल्ली काढत नाही. वाजवणार कुठं? ऐकणार किती जण? वीज कशी आहे, अर्थिंग आहे का नुसतंच तीन भोकांचं सॉकेट आहे? सोबत आणखी काय वाजणार? उचलणार कोण? बिघडली तर माझ्यापर्यंत आणणार कशी? आणि शेवटी, खिशात किती? पैशाचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो आधी विचारला की माणूस बाकीच्या सहा प्रश्नांची उत्तरं खोटी देतो.

"अक्का, मशीन घ्यायला आलाव का जातीचा दाखला काढायला?" असं औरादच्या एका मंडपवाल्यानं मला विचारलं होतं.

मी म्हटलं, "दाखला एकदाच काढावा लागतो. मशीन चुकली तर दर महिन्याला यावं लागंल." तो बसला आणि सातही उत्तरं देऊन गेला.

बीदरमध्ये नौबादला माझं आवाजाचं दुकान आहे. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी बँकेत गेली, मी सोल्डरिंगच्या धुरात राहिले. विक्री, दुरुस्ती आणि कार्यक्रमांना भाड्यानं साउंड, अशी तीन कामं सव्वीस वर्षं चालू आहेत. बारीक आवाजाला जोर देणाऱ्या यंत्राला पुस्तकात ॲम्प्लिफायर म्हणतात. आमच्याकडं मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही भाषांत त्याला मशीन म्हणतात, म्हणून मीही इथं मशीनच म्हणेन.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर आवाजातला रोग ओळखणं आणि काढणं. घूं असा एकसुरी आवाज आला तर अर्थिंग. बटण फिरवताना चर्र झालं तर आत धूळ. फडफड झाली तर स्पीकरचा कागद फाटलेला. गाणगापूरच्या एका लॉजवाल्यानं मला एकदा फोन केला. यात्रेकरूंना खोल्या रिकाम्या करायची सूचना तो भोंग्यावरून द्यायचा, आणि त्या दिवशी भोंगा नुसताच चिरकत होता. मी म्हटलं, फोन भोंग्याजवळ धरा. ऐकलं आणि सांगितलं, "भोंगा चांगलाय. उंदरानं वायर कुरतडलीय, छताजवळ बघा." अर्ध्या तासानं त्याचा परत फोन आला. "अक्का, वायरच न्हाई, उंदीर बी सापडला."

असे किस्से सांगायला कुणालाही आवडतात. न सांगण्यासारखाही एक आहे.

भालकीकडच्या एका खेड्यातले वयस्कर भजनीबुवा त्यांची जुनी मशीन घेऊन आले होते. कामाचं निमित्त बटण तुटल्याचं होतं. मशीन चालू केली तर आत घूं अशी घरघर. मी बटण बदललं आणि वरून, न सांगता, घरघरही काढली. आठवड्यानं बुवा मशीन डोक्यावर घेऊन परत हजर.

"अक्का, ह्यातला सूर कुटं गेला?"

"कसला सूर, बुवा?"

"चालू केली की एक सूर लागायचा न्हाई का? तेच धरून मी गायचो. आता कुटनं उचलायचं तेच कळंना. परवा पोरं एका सुरात आन् मी दुसऱ्यात."

मी हसले. विजेची घरघर म्हणजे सूर नाही, तो दोष आहे, हे त्यांना चित्र काढून समजावलं. बुवांनी चित्र नीट बघितलं, "बरं" म्हणाले आणि मशीन उचलून गेले. आता विचार करते तर घरघर परत घालणं दहा मिनिटांचं काम होतं. पण बिघाड घालून द्यायचा, हे माझ्या बुद्धीत बसणारं नव्हतं. पुढं बुवा कधी आले नाहीत.

एवढी प्रस्तावना अशासाठी की गेल्या वर्षी दुकानात आलेली तीन पोरं माझ्याकडून नेमकं हेच मागत होती.

तिघं एकाच कॉलेजची, शेवटच्या वर्षाची. प्रज्ञा गिटार वाजवायची. शिवकुमार, म्हणजे शिवू, ड्रम वाजवायचा. मोहसीन बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, पण ते शिकून ओरडणं असतं हे मला नंतर कळलं. जड, दणकेबाज, कानठळ्या बसवणारं जे संगीत असतं, ते ही तिघं बीदरमध्ये वाजवायची. बीदरमधला असा हा एकच बँड, त्यामुळं जिल्ह्यात आपला पहिला नंबर आहे असं शिवू छाती काढून सांगायचा.

मी वही पुढं केली. प्रज्ञा म्हणाली, "वही नंतर भरू. आधी एक सांगा अक्का, मागल्या गॅदरिंगला साउंड तुमचाच हुता ना?"

"व्हय, माझाच."

"मग आमचं गाणं दुसऱ्या मिनिटाला तुमीच बंद केलतं."

मला लख्ख आठवलं. कॉलेजच्या हॉलमध्ये मी मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करायच्या फळीवर, बसले होते. पडदा सरकला, तीन पोरं दिसली आणि स्पीकरच्या बॉक्समधून असा आवाज आला की जणू कुणी पत्रा फाडतंय. मला वाटलं लाइन शॉर्ट झाली. मी झटकन आवाज खाली ओढला, माइक घेऊन "तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व" म्हटलं आणि पुढचा लावणी नाच स्टेजवर सोडायला सांगितला. आपण मोठी आपत्ती टाळली या समाधानात मी घरी जाऊन जेवले होते.

"बिघाड नव्हता तो," प्रज्ञा म्हणाली. "गाणं हुतं."

मोहसीन घाईनं म्हणाला, "अक्का, तुमच्यावर गुस्सा नक्को. तुमी काय करनार, तसंच ऐकू येत व्हतं. पण अवंदा आखरी गॅदरिंग हाय. प्रिन्सिपल सरांनी दहा मिनिटं दिलेत. त्येच्यानंतर शिवू पुण्याला, ही हैदराबादला, मी अब्बाच्या गॅरेजला. एकदा तरी पुरं गानं वाजलं पायजे बस."

"आन् साउंड अवंदा बी तुमचाच हाय," शिवू म्हणाला. "म्हणून तुमालाच इच्यारायला आलाव. बंद कामून झालं ते तुमालाच ठाव."

गिऱ्हाइकानं इतक्या सभ्यपणे मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची ही पहिलीच वेळ. मी वही बाजूला ठेवली आणि चहा सांगितला. मग वही परत जवळ ओढली, कारण पश्चात्ताप आपल्या जागी आणि प्रश्न आपल्या जागी.

पहिल्याच प्रश्नाला रोग सापडला. मागल्या गॅदरिंगला प्रज्ञानं गिटारची वायर पायाखालच्या एका डबीतून थेट माझ्या मिक्सरला जोडली होती. ही डबी म्हणजे पेडल. गिटारचा गोड आवाज तिच्यातून गेला की खडबडीत होऊन बाहेर येतो. तो खडबडीत आवाज गिटारच्या स्वतःच्या मशीनमधून यायला हवा, कारण गिटारच्या स्पीकरला अगदी बारीक, टोकदार आवाज काढताच येत नाही. ही त्याची उणीव आहे आणि तोच त्याचा गुण. टोकं आपोआप घासली जातात. माझे बॉक्स मात्र भाषणासाठी घेतलेले. त्यांतले भोंगे मंत्र्याच्या गळ्यातला खाकराही मागच्या रांगेत पोचवतात. त्यांनी प्रज्ञाच्या आवाजाची सगळी टोकं लोकांच्या कानात घुसवली.

"म्हणजे आमाला मशीन पायजे," प्रज्ञा म्हणाली आणि मोबाइल पुढं केला. त्यात माणसाच्या उंचीची, दोन मजली मशीन होती. शिवूनं माहिती पुरवली, "हजार वॅट."

"उचलणार कोण?" मी विचारलं. तिघांत मिळून एकच वाहन होतं. मोहसीनकडं एक स्कूटर होती.

वॅटबद्दल आमच्या भागात जेवढ्या गैरसमजुती आहेत तेवढ्या लग्नाच्या मुहूर्ताबद्दलही नसतील. स्वस्त डब्यावर छापलेले वॅट लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखे असतात, छापायचे म्हणून छापलेले. आणि खरे असले तरी शंभर वॅटची मशीन पन्नासच्या दुप्पट मोठी ऐकू येत नाही, थोडीशीच मोठी येते. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हॉलमध्ये तर गिटारच्या मशीनपुढं माइक ठेवला की आवाज माझ्या बॉक्समधून मागपर्यंत जातोच. तेव्हा मशीन फक्त शिवूच्या ड्रमशी बरोबरी करणारी हवी. बारा इंचाचा एक चांगला स्पीकर, पन्नास-साठ खरे वॅट, बस.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिघांनी मिळून दिलं. तेवढ्यात दोन बऱ्या शेळ्या आल्या असत्या, नवी मशीन आली नसती. नवी स्वस्त मशीन येत होती, पण तिचा स्पीकर ताटलीएवढा. शिवूनं पहिली काठी मारली की ती ऐकू यायची बंद.

"मग जुनी," मी म्हटलं आणि यादी काढली.

माझ्याकडं यादी असते. कोणाकडं काय पडून आहे, कोण विकेल, कोण विकतो म्हणेल पण विकणार नाही. गिटारच्या मशीनखाली एकच नाव निघालं. कलबुर्गीचे गुरुनाथअप्पा. वीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेले गृहस्थ. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, अप्पांनी मुलाच्या किराणा दुकानात गल्ला धरला. मशीन घरात टीव्हीखाली, वर पांढरा रुमाल.

प्रज्ञाला घेऊन मी सकाळच्या बसनं कलबुर्गीला गेले. पिशवीत मीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि जुन्या मशीनची तपासणी यादी. घेणाऱ्यांच्या उपयोगाची म्हणून थोडक्यात सांगते. चालू करण्याआधी मागच्या जाळीला नाक लावून वास घ्या, जळका असेल तर उठा आणि घरी जा. स्पीकरचा कागद बोटांनी हलकेच दाबा, आत घासल्याचा आवाज येता कामा नये. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहा-सात दाखवतो, तसा दाखवला तर जिवंत आहे. आणि मशीन अर्धा तास चालू ठेवून मगच बोला. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच मशीन गुणी असतात, नव्या जावयासारख्या.

अप्पांनी रुमाल उचलला. मशीन साठ वॅटची, बारा इंचाची, निगा राखलेली. मी यादीवर बरोबरच्या खुणा करत होते, पण अप्पांची स्वतःची एक अट निघाली.

"विकायचं न्हाई असं न्हाई, अक्का. पण कुणाच्या हातात जायलीय ते मला ऐकू द्या. वाजीव बाळ."

प्रज्ञानं गिटार जोडली, डबी पायाखाली घेतली, आणि मशीनची बटणं तिच्या पद्धतीनं लावली. खालचा जाड आवाज पूर्ण, वरचा बारीक पूर्ण, मधला शून्य. मग वाजवलं. स्वयंपाकघरातून अप्पांची सून पळत आली.

"काय झालं मामा? मिक्सर जळाला का?"

"साकु, साकु!" अप्पा हात हलवत म्हणाले. पुरे, पुरे. प्रज्ञा थांबली. मला वाटलं सौदा मोडला. पण अप्पा मशीनपाशी उकिडवे बसले. "हे तू घरी एकलीच वाजीवतीस का?"

"व्हय."

"म्हणून. एकलीला हे बरं वाटतंय. बँडमदी तुजा जाड आवाज ढोलवाला खाईल, बारीक आवाज त्येच्या झांजा खातील. मग तुजं काय राहिलं? मदलं. आन् तेच तू शून्य केलीस!" त्यांनी मधलं बटण अर्ध्याच्या पुढं फिरवलं आणि डबीवरचं खडबडीचं बटण जरा कमी केलं. "आता वाजीव."

तिनं तेच वाजवलं. तीच दांडगाई, पण आता आवाज छातीला लागला. सून दारातच उभी राहिली.

"गाणं कळंना मला," अप्पा म्हणाले, "पण बोट पक्कं हाय. घेऊन जा." आणि आपण होऊन किंमत उतरवली. माझ्या पिशवीत घासाघिशीचे चार मुद्दे लिहून आणलेले होते, ते तसेच परत आले.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं मशीनचं अर्धं तिकीट मागितलं. "हे फ्रिज हाय का टीव्ही?" प्रज्ञा म्हणाली, गिटारचा स्पीकर. "मग गाणं लावा की!" हुमनाबादपर्यंत मशीन सीटवर होती, आम्ही दोघी उभ्या.

आतापर्यंत सगळं यादीप्रमाणं चाललं होतं. यादीबाहेरचं जे झालं ते माझ्या हातून.

अप्पांची मशीन सभ्य होती. तिला स्वतःची खडबड नव्हती, मिळेल तो आवाज ती जोरात आणि नेटका काढायची. खडबड यायची ती डबीतून. थोड्या पैशात हीच जोडी उत्तम, जोरदार स्वच्छ मशीन आणि तिच्यापुढं चांगली डबी. गॅदरिंगच्या दोन दिवस आधी प्रज्ञानं मला डबी आणून दिली. "अक्का, हिचं कनेक्शन हलायलंय. एकदा वाजतीय, एकदा बंद. तेवढं बघा."

डबी हैदराबादच्या कुणा हौशी माणसानं घरी बनवलेली होती. मी उघडली, सैल झालेलं सॉकेट बदललं. आणि मग मला ते दिसलं. आवाजाच्या वाटेवर, उलटसुलट जोडलेले दोन बारके डायोड, तेही ओबडधोबड सोल्डरनं चिकटवलेले. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा तांदळाएवढा भाग. असे दोन इथं जोडले की आवाजाची उसळी ठरावीक उंचीच्या वर गेली रे गेली की ते तिला छाटतात. मी मनात म्हटलं, कुठल्या शहाण्यानं हे घुसडलं? चांगला आवाज छाटला जातोय की! डोक्यानं विचार करायच्या आत हातानं काम केलं. दोन्ही काढले, कचऱ्यात टाकले, जागा स्वच्छ केली. डबीतून मोबाइलवरचं एक जुनं भावगीत सोडून बघितलं. इतकं निर्मळ वाजलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये मशीन एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली. जमिनीवर ठेवली तर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतं, कानांना नाही. पुढं माइक लावला. प्रज्ञानं डबीवर पाय दिला आणि तार छेडली.

ट्यांऽग.

शिवू ड्रममागून म्हणाला, "प्रज्ञे, अंताक्षरी खेळायलीस का?"

तिनं पुन्हा पाय दिला. पुन्हा तेच, टपोरं, गोड, लग्नाच्या ऑर्केस्ट्रासारखं.

मी मिक्सरवरून ओरडले, "बघ कशी स्वच्छ झाली! आत कुणीतरी दोन डायोड उगंच घातलते. काढून टाकले."

प्रज्ञानं डबीवरून पाय काढला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, तेच तर गाणं हुतं."

तेव्हा मला भालकीकडचे बुवा दिसले, डोक्यावर मशीन घेतलेले. आवाज छाटला की खडबडीत होतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली बाई. छाटणं हेच त्या डबीचं काम होतं आणि मी ते दुरुस्त केलं होतं.

पाहुणे यायला लागले होते. पिशवीत सोल्डरिंगची काडी होती, तार होती, फ्यूज होते, डायोड एकही नव्हता. नौबादला जाऊन यायचं तर स्वागतगीत सोडून जावं लागलं असतं, आणि मिक्सर दुसऱ्याच्या हाती देणं मला जमत नाही. मोहसीन म्हणाला, "मी स्कूटर काढतो. कपाट कंचं?" पण किल्ली घरी. मी स्टेजकडं बघितलं. मंडपवाल्यानं पडद्याच्या कडेनं लाल एलईडी दिव्यांची माळ सोडली होती.

एलईडी म्हणजे उजेड देणारा डायोडच.

"मोहसीन, कात्री."

"अक्का, ते डेकोरेशनवाल्याचं हाय!"

"त्याला मी सांगते. नंतर."

दोन दिवे कापल्याबरोबर माळेचा डावा कोपरा विझला. दारात उभा असलेला मंडपवाला वायर तपासायला बाहेर पळाला, म्हणजे मला वेळ मिळाला. स्टेजमागं खिडकीत बसून मी ते दोन्ही डबीत जोडले, एक सुलटा, एक उलटा. असं काम मी कधी केलं नव्हतं. एलईडी जरा जास्त उंचीवर छाटतो, म्हणजे खडबड थोडी कमी आणि जोर जास्त येणार, एवढं गणित डोक्यात होतं. ऐकायला कसं लागेल ते माहीत नव्हतं, आणि वाजवून बघायला जागा नव्हती, कारण पुढं प्राचार्यांचं भाषण सुरू झालेलं. झाकण न लावताच डबी प्रज्ञाच्या हातात दिली.

"चालंल का?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाई," मी म्हटलं. गिऱ्हाइकाला हे उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

दोन नाच, एक नाटुकलं आणि पडदा सरकला. शिवूनं काठ्या चारदा आपटल्या आणि प्रज्ञानं हात मारला.

भिंत पडावी तसा आवाज आला. पण दगड दगड मोजता यावा अशी. तिच्या प्रत्येक फटक्याला डबीतले दोन लाल दिवे लुकलुकत होते. मी मिक्सरवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, कारण त्या हातांचा भरवसा नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर पदर घेतला. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं. दुसरं सुरू झालं.

प्राचार्य उठले.

ते माझ्याच दिशेनं येत होते. कडक माणूस. त्यांच्या एका बोटावर हॉल शांत होतो. प्रज्ञाला स्टेजवरून ते दिसत होतं. वाजवता वाजवता ती माझ्याकडं बघत होती.

प्राचार्य माझ्या कानाशी वाकून ओरडले, "मॅडम! काय हे?"

"सर, मशीन चांगलीय! मी तपासलीय! आवाज असाच असतोय!"

"ते कळलं हो! खरखर असू द्या! पण पोरगा एवढा गळा फाडायलाय, काय म्हणायलाय ते तर कळू द्या! त्याचा आवाज वाढवा!"

मी बघितलं. सगळं लक्ष गिटारवर ठेवल्यामुळं मोहसीनचा माइक मी वाढवायलाच विसरले होते. सरांचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. मी आवाज वर नेला. सर हात मागं बांधून, मान तिरकी करून, तिथंच उभे राहिले. हॉलभर पहिल्यांदाच शब्द ऐकू आले, हॉस्टेलच्या कोरड्या नळाबद्दलचे, दखनीतले.

"हॉस्टेलके नल्लेको पानी नक्को क्या? तीन म्हैने हो गये सर, पानी नक्को क्या!"

हॉस्टेलची पोरं खुर्च्यांवर चढली. तीनशे गळे एका सुरात, "पानी नक्को क्या!" प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मिक्सरकडं बघितलं. बंद करायला सांगावं तर शब्द नीट ऐकायची मागणी त्यांनीच, सगळ्यांसमोर केलेली. ते सावकाश जागेवर जाऊन बसले आणि उरलेलं गाणं त्यांनी सगळं ऐकलं. पूर्ण दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

सामान उचलायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तेव्हा हॉस्टेलच्या टाकीवर दोन प्लंबर चढलेले होते आणि खाली प्राचार्य स्वतः उभे राहून त्यांना वरचा पाइप दाखवत होते.